वाचून दाखविले, बरोबर आहे

कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस येईल, आणि नोटिशीला उत्तर देत बसण्याइतका वेळ मी आता त्या संस्थेवर घालवणार नाही. एवढंच सांगते की ते यवतमाळ जिल्ह्यातलं विधी महाविद्यालय आहे आणि तिथं मी पंधरा वर्षं पुराव्याचा कायदा शिकवला. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर उन्हाळ्यात माझी नोकरी जायची आणि जूनअखेर वर्कलोड, म्हणजे तासांचा हिशेब, बसला आणि एका पानाचा आदेश आला की परत यायची. पंधरा वेळा गेली, पंधरा वेळा आली. दरम्यान कायद्याचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले, माझ्या जुन्या वहीत प्रत्येक आकड्यावर काट मारून शेजारी नवा आकडा आला. माझा आदेश मात्र त्याच मायन्याचा राहिला.

आमचे वर्ग सकाळी सातला भरत. कारण विद्यार्थी दिवसा कामावर. तलाठी, एसटीचा कंडक्टर, एक पोलीस, दोन-तीन संसारी बाया, आणि पदवी होऊन थेट आलेली थोडी पोरं-पोरी. प्रवेश अर्जात सगळे लिहीत, ‘समाजसेवा करण्यासाठी’. खरं कारण तिसऱ्या वर्षी कळे. कुणाच्या भावकीत धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस चालू असे, कुणाला बढती हवी असे. मला ती कारणं जास्त आवडत.

पुरावा शिकवताना मी एक गोष्ट दर वर्षी सांगायची. आपल्याकडे साक्षीदार बोलतो एका भाषेत आणि कागदावर उतरतं दुसऱ्या. तो म्हणतो, “मी गेलतो जी, पण हा तठी नव्हताच.” टंकलेखक लिहितो, ‘मी घटनास्थळी गेलो असता सदर इसम तेथे हजर नव्हता.’ इथवर काही बिघडत नाही. पण जबानीच्या तळाशी एक ओळ असते, ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’, आणि त्याखाली साक्षीदाराची सही. ही ओळ लिहायची सवय इतकी जडलेली असते की वाचून दाखवायचं राहूनच जातं. मी वर्गाला बजावायची, बाकी सगळा कायदा विसरलात तरी चालेल, ही ओळ खरी करा. वर्ग माना डोलवायचा. मीही स्वतःवर खूश असायची.

आता संस्थेबद्दल. आमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलेलं होतं की हे महाविद्यालय सार्वजनिक चर्चेत अग्रेसर आहे. ती चर्चा म्हणजे वर्षातून एक वादविवाद स्पर्धा. विषय ठरलेले. फाशी असावी की नसावी. पंधरा वर्षांत आम्ही त्या सभागृहात किती जणांना फासावर चढवलं आणि किती जणांना खाली उतरवलं, त्याचा हिशेब नाही. शिवाय कायदेविषयक साक्षरता शिबीर. एखाद्या गावात जायचं, फलक लावायचा, पाहुण्यांचा सत्कार करायचा, फोटो काढायचे, मूल्यांकन समितीच्या फाइलीत लावायचे. गावकऱ्यांनी प्रश्न विचारला तर पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला उशीर होत असे. हे मी रागानं लिहिते आहे, हे वाचणाऱ्याला कळलंच असेल. कळू दे.

यंदाच्या उन्हाळ्यात घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्याजवळची दगडाची खदान वाढवायची म्हणून जनसुनावणी लागली. नियम असा की अशी खदान वाढवण्याआधी जिल्हा कचेरीतल्या साहेबांनी लोकांसमोर बसायचं, लोकांनी बोलायचं, बोललेलं लिहून घ्यायचं, आणि शेवटी तिथल्या तिथं सगळ्यांना वाचून दाखवायचं. मला दुसरं काय हवं होतं? तिसऱ्या वर्षाचे बारा विद्यार्थी घेतले आणि सांगितलं, हीच तुमची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येक बोलणाऱ्याचं म्हणणं शब्दशः उतरवायचं. आदल्या आठवड्यात खदान चालवणाऱ्या कंपनीच्या अहवालाचा मराठी सारांश वर्गात मोठ्यानं वाचून घेतला. त्यात एक वाक्य होतं, ‘सध्या उत्खनन केवळ यंत्राने होते, स्फोटकांचा वापर केला जात नाही.’ त्या वाक्याखाली मी सगळ्यांना रेघ मारायला लावली. स्फोटकं वापरत नाही म्हटल्यावर बऱ्याच अटी आपोआप सुटत होत्या.

सुनावणी शाळेच्या पटांगणावर, मांडवात होती. समोर साहेब, शेजारी कंपनीची माणसं, मागं मसालेभात आणि जिलेबीची तयारी. जिलेबीचा वास पहिल्या अर्ध्या तासातच मांडवात आला. लोक उठत, दोन वाक्यं बोलत, बसत. कुणी रस्ता मागितला, कुणी पोराला काम मागितलं. मग तांड्यावरची एक म्हातारी उठली. तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणते. तिनं माईक घेतला नाही. हातातली काठी खुर्चीला टेकवली आणि साहेबांकडे बघून बोलली.

“साहेब, दुपारी खदानीत बार उडते. एसटी येऊन गेली का मंग उडते. बार उडाला का माही म्हैस पान्हा चोरते. चारच्या दुधाले थे उभीच नाई राहत, थरथर कापते. आधी अशी नव्हती माही म्हैस. बस, इतकंच.”

बार म्हणजे सुरुंग. अख्ख्या मांडवात सुरुंगाचं नाव काढणारी ती एकटी होती. तिच्या म्हशीनं कंपनीचं ते वाक्य खोटं पाडलं होतं, तेही वेळ सांगून. मी विद्यार्थ्यांकडे पाहिलं. सगळ्यांची पेनं चालू होती.

दुपारी साहेबांनी आभार मानले आणि जेवायला चला म्हणाले. लोक उठले. मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, इतिवृत्त वाचून दाखवायचं राहिलं. ते म्हणाले, नंतर ग्रामपंचायतीत लावू. मी नियम सांगितला. त्यांनी एकदा जिलेबीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद हातात घेतला. वाईट माणूस नव्हता तो; कंटाळलेला होता. त्यानं वाचलं. याडीची पाळी आली तेव्हा कागदावर होतं, ‘ग्रामस्थ महिलेने पशुसंवर्धनाबाबत मागणी केली. कंपनीने पशुवैद्यकीय शिबीर घेण्याचे मान्य केले.’

“म्या शिबीर नाई मांगतलं,” याडी बसल्या जागेवरून म्हणाली. “काहून तसं लिवलं?”

“अर्थ तोच आहे आजी,” साहेब म्हणाले.

आता माझी वेळ होती, आणि खरं सांगते, मला भारी आनंद झाला होता. मी मोठ्या आवाजात म्हटलं, साहेब, आमच्या विद्यार्थ्यांनी शब्दशः लिहून घेतलं आहे, वाचून दाखवते. मी माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीला उभं केलं. तिच्या वडिलांचं गावात मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरी हिंदी, बाहेर वऱ्हाडी, आणि उत्तरपत्रिकेत असं शुद्ध मराठी की परीक्षकांनी दाखला म्हणून ठेवावं. ती उठली, वही उघडली आणि स्वच्छ आवाजात वाचलं:

‘खाणीतील ध्वनिप्रदूषणामुळे परिसरातील पशुधनाच्या उत्पादकतेवर विपरीत परिणाम होत असल्याचे सदर महिलेने नमूद केले.’

बार गेला होता. एसटी गेली होती. चार वाजले नव्हते आणि म्हैसही कुठे नव्हती. याडी काठी टेकत उठली आणि आमच्याकडे वळली.

“हे बी म्या नाई बोलली.”

मांडव हसला. साहेब हसले, कंपनीची माणसं हसली, भात वाढायला उभे असलेलेही हसले. कंपनीचा एक जण म्हणाला, “कॉलेजवाल्यांचं बी शिबीर घ्या साहेब.” मी बाकीच्या वह्या मागितल्या. अकरा वह्या. प्रत्येकीत थोडाफार तोच प्रकार. तलाठ्यानं तर ‘सबब’ लिहून सुरुवात केली होती. मी बारा माणसांना शब्दशः लिहायला पाठवलं होतं आणि बाराही जणांनी याडीला सुधारून घेतलं होतं. साहेब उदारपणे म्हणाले, कुणाला काही लेखी द्यायचं असेल तर आठ दिवसांत द्या. मग सगळे जेवायला गेले. आम्ही जेवलो नाही. त्यात बाणेदारपणा नव्हता, लाज होती.

परतताना एसटीत ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती. वही उघडून पुन्हा वाचत होती. मग म्हणाली, “मॅडम, मले वाटलं म्हैस लिवली तर साहेब लोकं हसतील. याडीची इज्जत जाईल. म्हणून चांगलं करून लिवलं.”

मी तिला रागावणार होते. पण थांबले. कारण मला तिच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका आठवल्या. ‘मले’, ‘तठी’, ‘खाली-पिली’ असे शब्द त्यात असायचे आणि मी त्यांना लाल पेनानं गोल करून समासात लिहायची, ‘भाषा कायद्याची हवी.’ तीन वर्षं मी तिच्या तोंडातून तिची बोली काढली. तिनं याडीच्या तोंडातून काढली. साहेबांनी जे कंटाळ्यानं केलं ते आम्ही मेहनतीनं केलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं की चूक माझी आहे, रविवारी तांड्यावर जायचं. ती म्हणाली, “बाकीच्यांले मी सांगते.”

रविवारी आम्ही गेलो. याडीनं खाट टाकली, चहा ठेवला, आणि माझ्याकडे न बघता त्या मुलीला म्हणाली, “ये पोट्टे, आज कोणाचं लिवशीन? तुहं का माहं?”

“तुमचंच लिवतो, याडी.”

मग ती बोलली आणि मुलीनं लिहिलं. मी लांब बसले, मुद्दाम. वाचून दाखवलं तेव्हा याडीनं हात वर केला. “दुपारी लिवलं तू. दुपार मोठी असते. एसटी साडेतीनले येते, गेली का लगेच बार. तसं लिव.” तसं लिहिलं. पुन्हा वाचलं. “थरथर कापते, हे राह्यलं.” तेही आलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, “हाव. आता झालं.” मुलीनं शाईचा डबा पुढं केला. याडीनं तो बाजूला सारला. “अंगठा कायले? सही येते मले.” तिनं पूर्ण नाव लिहिलं, त्याला पाच मिनिटं लागली. त्या सहीच्या वरची ओळ मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा खरी होताना पाहत होते. पंधरा वर्षं शिकवत होते ती.

संध्याकाळपर्यंत अकरा जणांची निवेदनं झाली. त्यातल्या सहांत बार होता. सुनावणीत याडी सोडून त्याबद्दल कुणी बोललं नव्हतं, कारण कंपनीकडे पोराचं काम मागायचं होतं. “याडीनं सांगतलं तं आता आमी बी सांगतो,” एक जण म्हणाला. सातव्या दिवशी आम्ही ती निवेदनं कचेरीत दिली, सोबत कॉलेजच्या वर्गाचं पत्र, माझी सही, बारा विद्यार्थ्यांच्या सह्या. कारकुनानं पोच द्यायला का-कू केलं. आमच्यातल्या पोलिसानं फक्त टोपी काढून टेबलावर ठेवली. पोच मिळाली.

चार दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. एके काळी ते संविधान फार सुंदर शिकवत. आता त्यांच्या टेबलावर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या फोनसाठी वेगळा मोबाइल असायचा. त्यांनी टाइप केलेला कागद पुढं केला. फक्त सही करायची होती. ‘सदर निवेदने ही महाविद्यालयातील अभिरूप सुनावणीच्या सरावाचा भाग असून त्यातील मजकूर काल्पनिक आहे. ती अनवधानाने सादर झाली.’

मी दोनदा वाचलं. यावर माझी सही झाली की ती अकरा माणसं कागदावरून उडून जाणार होती. साडेतीनची एसटी, सहा जणांनी ऐकलेला बार, पाच मिनिटं लागलेली ती सही, सगळं विद्यार्थ्यांचं नाटक ठरणार होतं. आणि पुढच्या कागदावर तेच वाक्य राहणार होतं, स्फोटकांचा वापर केला जात नाही.

“सर, म्हैस काल्पनिक आहे का?”

“मॅडम, म्हशीचं सोडा. जून जवळ आला आहे.”

याहून स्पष्ट ते बोलू शकत नव्हते. मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? तासिकावाल्याला मे महिन्यात जी वाटते तीच. पन्नाशीत मला कोण नवं कॉलेज देणार होतं? पण भीतीच्या वर एक संताप होता, आणि तो कंपनीवर नव्हता, सरांवरही नव्हता. माझ्या लाल पेनावर होता. एकदा याडीचं बोलणं मी नकळत पुसलं होतं. आता मला ते कळून-सवरून पुसायला सांगत होते, तेही माझ्याच सहीनं.

मी सरांचाच पेन घेतला. कागदाच्या तळाशी, सहीच्या जागी लिहिलं, ‘वाचले. बरोबर नाही.’ आणि खाली सही केली, तारखेसकट. सरांनी कागद उचलला, बघितला, आणि हळूच फाइलमध्ये घातला. फाडला नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

जून संपला. आदेश आला नाही. मी एकदा फोन केला, तेव्हा सर एकच वाक्य बोलले.

माहितीपत्रकाची नवी आवृत्ती निघाली आहे म्हणतात. पहिल्या पानावर आम्ही अजून सार्वजनिक चर्चेत अग्रेसर आहोत. ज्या दिवशी चर्चा खरीच सार्वजनिक झाली त्या दिवशी संस्थेला ती काल्पनिक हवी झाली. आता तर मी कुणाच्याच आदेशावर नाही, म्हणून जिथं बोलावतील तिथं हे सांगते. कळंबच्या वाचनालयात सांगितलं, घाटंजीच्या बाजारात चहाच्या टपरीवर सांगितलं. विद्यार्थी दर रविवारी माझ्या घरी येतात. यंदा संख्या जास्त आहे, कारण हजेरी लागत नाही.

पावसाळ्यात त्या मुलीनं अर्ज करून सुनावणीच्या अंतिम कागदांची प्रत मिळवली. अकराही निवेदनं परिशिष्टात जशीच्या तशी लागली होती. वर साहेबांच्या हाताची एक ओळ होती, की कंपनीनं स्फोटकांबाबत खुलासा करावा. खदानीचा निर्णय अजून लागलेला नाही. लागेल तसा लागेल. आम्ही प्रत घेऊन तांड्यावर गेलो आणि मुलीनं याडीला तिचं पान वाचून दाखवलं. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं, एसटीपासून थरथर कापण्यापर्यंत.

“हाव,” ती म्हणाली. “हे मी बोलली.”

मग डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं. “अन् बाई, तुमचं काय झालं? कालेजात जाता का?”

“मला काढलं, याडी.”

“कोणं काढलं? काय म्हणून काढलं?”

मी सांगू लागले. संस्थेचं धोरण, वरून आलेला दबाव, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. तिनं काठी जमिनीवर आपटली.

“थे नाई विचारून राह्यली मी. थो काय बोलला, थे सांगा. अन् तसंच लिवून ठेवा कुठंतरी. नाई तं उद्या म्हणतीन का बाईनंच शिबीर मांगतलं होतं.”

म्हणून हे लिहिलं. पुढच्या रविवारी तांड्यावर नेऊन वाचून दाखवीन, आणि याडी जे सांगेल ते दुरुस्त करीन. एक वाक्य मात्र तिला दुरुस्त करता येणार नाही. ते मी फोन ठेवल्या ठेवल्या वहीत उतरवलं होतं आणि शब्दशः आहे. सर म्हणाले, “मॅडम, यंदा वर्कलोड बसत नाही.”